खातो एक, खवखवतं दुसऱ्याला

माझं बालपण दौंडला रेल्वेच्या चाळीत गेलं. अब्बा रेल्वेत होते. त्या काळी आजूबाजूच्या जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा यायचा. 'सामना' मी पहिल्यांदा पाहिला तो तिथेच, आणि तोही पुण्या-मुंबईत लागून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याच्यासमोर श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो. सिनेमा सुटल्यावर अंधारातून घरी परतताना मोठी माणसं आपसात बोलत होती, "ह्यो हिंदुराव म्हंजे शिरूरकडचा बरं का!"

पुढे नोकरीच्या निमित्तानं मी शिरूरला आलो. तिथे एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात एकदा 'सामना'चा विषय निघाला. लोक म्हणाले, "छे! तो तर दौंडकडचा." श्रीगोंद्याहून पाहुणे आले होते, त्यांच्या मते तो भीमेच्या पलीकडचा. हिंदुराव प्रत्येकाच्या ओळखीचा होता, पण आपल्या तालुक्यातला तो कुणालाच वाटत नव्हता.

राज्यकर्त्यांची टिंगल करणारं लेखन, गाणी, नाटकं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्यावर बोललंही पुष्कळ जातं. मला मात्र कुतूहल आहे ते टिंगलीनंतर काय होतं याचं. कोण हसतं? कोण चिडतं? आणि जो चिडतो तो कुणाच्या वतीनं चिडतो? हा तिसरा प्रश्न आपण फारसा विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे असं मला वाटतं.

'खाई त्याला खवखवे' अशी आपल्याकडे म्हण आहे. अळू ज्यानं खाल्लं, घसा त्याचाच खवखवणार. सत्तेच्या टिंगलीचा जुना इतिहास या म्हणीप्रमाणे चाललेला दिसतो. पण अलीकडच्या पन्नास वर्षांत ही म्हण उलटी झाली आहे. खातो एक आणि खवखवतं दुसऱ्यालाच. हे कसं झालं ते थोडं मागे जाऊन पाहू.

सुरुवात तमाशापासून करतो. आमच्या पुणे जिल्ह्याला तमाशा काय हे सांगायला नको. वरच्या अंगाला नारायणगाव, इकडे दौंड तालुक्यात चौफुला. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. वगात राजा असतो, प्रधान असतो आणि सोंगाड्या असतो. राजा भरजरी अंगरखा घालून येतो, चढ्या आवाजात हुकूम सोडतो. सोंगाड्या त्या हुकमातला शब्दन् शब्द भोळेपणानं धरतो आणि राजाचं पार हसं करून टाकतो. समोर पहिल्या रांगेत गावचा पाटील, सावकार, इनामदार बसलेले. सोंगाड्याचं तोंड राजाकडे, पण डोळा पहिल्या रांगेकडे. पाटलाला ते कळायचं, गावाला कळायचं आणि पाटलाला कळलंय हेही गावाला कळायचं.

अशा वेळी पाटलापुढे दोनच वाटा असत. हसायचं किंवा उठून जायचं. उठून गेला तर टोपी आपल्याच डोक्यावर बसली असं कबूल केल्यासारखं. म्हणून तो हसायचा, जरा जास्तच मोठ्यानं हसायचा आणि वर दौलतजादा करायचा. अर्थात याचं फार कौतुक करायचं कारण नाही. सकाळ झाली की पाटील पाटीलच असायचा, आणि रात्री राजाची फजिती करणारा कलावंत आपली ढोलकी उचलून गावकुसाबाहेर जायचा. सोंगाड्याची मुभा रात्रीपुरती होती. पण त्या रात्रीपुरती तरी ज्याची टिंगल तोच समोर बसलेला असायचा आणि तिला उत्तरही त्यालाच द्यावं लागायचं.

इंग्रज सरकार असं पहिल्या रांगेत बसून हसणारं नव्हतं. १८७६ च्या सुरुवातीला कलकत्त्यात एक प्रहसन गाजलं. इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या भेटीवर आले होते. तिथल्या एका बड्या वकिलानं त्यांना घरी बोलावलं आणि घरातल्या स्त्रियांकरवी त्यांचं स्वागत केलं. त्यावर बंगाली रंगभूमीनं 'गजदानंद ओ युवराज' नावाचं प्रहसन केलं आणि प्रेक्षागृह हशानं दणाणून गेलं. पोलिसांनी ते बंद पाडलं. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. एका हशावर मोठ्या साम्राज्यानं दिलेलं हे उत्तर. तो कायदा पुढे स्वतंत्र भारतातही टिकला आणि थेट २०१८ मध्ये रद्द झाला. ज्याच्यावर हसले तो वकील कुणाच्या लक्षात राहिला नाही. कायदा मात्र एकशे एक्केचाळीस वर्षं राहिला.

आपल्याकडे 'कीचकवधा'ची गोष्ट तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. कृ. प्र. खाडिलकरांचं हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. विषय महाभारतातला. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर वाईट नजर टाकणारा कीचक, आणि त्याचा वध करणारा भीम. पण प्रेक्षक काय ते समजून होते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश, सबुरी सांगणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. आता गंमत पाहा. नाटकात कर्झनचं नाव कुठेच नव्हतं. ते नाव नाटकाला कायमचं जोडलं ते सरकारच्या बंदीनं. बंदी घालायची तर कीचक कोण हे आधी मान्य करणं भाग होतं.

फ्रान्समध्ये १८३१ साली असंच घडलं होतं. लुई फिलिप नावाच्या राजाचा चेहरा खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे पेअर या फळासारखा होता. फिलिपाँ नावाच्या संपादकावर राजाची टवाळी केल्याबद्दल खटला भरला गेला. त्यानं न्यायालयातच चार चित्रं काढली. पहिलं राजाचं आणि शेवटचं साध्या फळाचं, मधली दोन एकातून दुसऱ्याकडे नेणारी. मग त्यानं विचारलं, यातलं नेमकं कुठलं चित्र गुन्हा आहे? साम्यच गुन्हा असेल तर फळवाल्यांनाही धरावं लागेल. त्याला शिक्षा झाली. पण त्यानंतर पॅरिसच्या भिंतींवर पोरंसोरं खडूनं ते फळ काढू लागली. पुढच्याच वर्षी दोमिए या थोर व्यंगचित्रकाराला राजाच्या एका चित्रापायी तुरुंगात जावं लागलं.

या गोष्टींतले राज्यकर्ते जुलमी होते, पण त्यांचा राग सरळ होता. 'माझा अपमान झाला' म्हणून ते स्वतः चिडले आणि स्वतः शिक्षा केली. ज्यानं खाल्लं त्यालाच खवखवलं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा सोंगाड्याचे दिवस पालटतील असं वाटलं होतं. मुंबईत १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णाभाऊंच्या तमाशांची नावंच पाहा: 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'पुढारी मिळाला'. वेगळं परीक्षण लिहायची गरज नाही. जुन्या वगातल्या राजाला अण्णाभाऊंनी गांधी टोपी घातली, शेटजींचा कोट चढवला आणि गिरणगावातल्या कामगारांपुढे उभं केलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कारण सांगितलं गेलं अश्लीलतेचं. पण कामगारांच्या मैदानात शेटजी आणि पुढाऱ्यांवर हसू पिकवणारे तमाशेही त्याच जाळ्यात सापडले. अण्णाभाऊंनी मग 'तमाशा' हा शब्दच बाजूला ठेवला आणि 'लोकनाट्य' म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, मजकूर तोच राहिला.

पुढे प्रयोगाची संहिता आधी सरकारी मंडळापुढे ठेवून मंजूर करून घ्यायची पद्धत आली. ज्यांनी बतावणी पाहिली आहे त्यांना यातली मौज कळेल. बतावणी कुठे लिहिलेली असते? ती समोरच्या गर्दीकडे बघून, त्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचून जागच्या जागी जमवायची असते. १९६५ साली वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं. दादा कोंडके त्यातल्या हवालदाराच्या तोंडी दर प्रयोगाला ताज्या राजकारणाची नवी फोडणी टाकायचे. कागदावर शिक्का मारता येतो, पण त्या फोडणीवर शिक्का कुठे मारणार?

अमर शेखांबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बार्शीचा हा माणूस. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजावर लाखोंच्या सभा डोलल्या. २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. अण्णाभाऊ जाऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. इंदापूर म्हणजे आमच्या दौंडच्या शेजारचा तालुका, आणि तो सोलापूर रस्ता आमच्याच तालुक्यातून जातो. त्या रस्त्यानं जाताना अब्बा एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, "इधरच गये अपने शाहीर." मी मराठीत कविता करायला लागलो तेव्हा लोकांनी आश्चर्य व्यक्त केलं, अजूनही करतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पेशवाईच्या अखेरीस जेजुरीचे सगनभाऊ मराठीत लावण्या रचत होते, आणि माझ्या आधीच्या पिढीत अमर शेख होते. वाट आधीच मळलेली होती.

आता एक चांगली बाजूही सांगायला हवी. हसून घेणारे राज्यकर्तेही आपल्याकडे झाले. १९४८ मध्ये शंकर यांनी 'शंकर्स वीकली' काढलं, त्याचं उद्घाटन खुद्द पंतप्रधान नेहरूंनी केलं आणि मलाही सोडू नका असं त्यांना सांगितलं. शंकर यांनी तो शब्द पुरेपूर पाळला. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे यांचं 'मार्मिक' निघालं. ते व्यंगचित्रांचं साप्ताहिक, आणि प्रकाशन केलं मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी. उद्या आपलंही नाक त्यात लांब होणार हे माहीत असून ते गेले. उलट १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि त्याच वर्षी 'शंकर्स वीकली' बंद झालं. हुकूमशाहीला हसू परवडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी शंकर यांनी निरोप घेताना लिहिलं.

पण हसून घेणं म्हणजे नेहमी मोठेपणाच असतो असं नाही. पहिल्या रांगेतल्या पाटलाचं हसू आठवा. हसून सोडून दिलं की टिंगल पचते आणि टाकीत पाणी नाही ते नाहीच राहतं. तरीही हात उगारण्यापेक्षा हसणं बरं. त्यात निदान 'हे माझ्यावर आहे' एवढी कबुली तरी असते.

आणि आता आमच्या दौंडची गोष्ट. म्हण उलटी झाली ती कशी, हे मला या गोष्टीतून कळलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दौंडमध्ये डॉ. जब्बार पटेल यांचा दवाखाना होता. लहान मुलांचे डॉक्टर. दिवसा दौंडला पोरांचे खोकले-ताप बघायचे आणि नाटकाच्या तालमींसाठी पुण्याला जायचं. रेल्वेगावातल्या माणसाला हे अंतर काही विशेष नाही. पण दिवसभर दवाखाना करून तालमीसाठी जाणं सोपंही नाही. त्या तालमींतून १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे आणि घाशीराम झाले होते रमेश टिळेकर. मागे माणसांचीच भिंत. ती गाते, नाचते, झुलते, मध्येच पाठ फिरवून बघायचं नाकारते.

इतिहासातला घाशीराम सावळदास हा उत्तरेकडून आलेला ब्राह्मण, नानांच्या काळात पुण्याचा कोतवाल. त्याचा जुलूम वाढत गेला. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळलं. शेवटी घाशीरामला लोकांच्या ताब्यात देण्यात आलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. या घटनेवर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ सालीच पुस्तक लिहिलं होतं. तेंडुलकरांनी त्याला नवं वळण दिलं. त्यांच्या नाटकात घाशीराम कोतवाली मिळवण्यासाठी आपली मुलगी नानांना देतो. नाना त्याचा वापर करून घेतात, आणि तो डोईजड झाल्यावर एका सहीनिशी त्याला जमावापुढे फेकून मोकळे होतात. आपल्याला इतिहास सांगायचा नव्हता, असं तेंडुलकरांनी वारंवार सांगितलं. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी माणसं उभी करतात आणि काम झाल्यावर त्यांचा बळी देतात, आणि हे कुठल्याही काळात घडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचा स्वतःचा काळ होता.

म्हणजे अळू कुणी खाल्लं होतं? १९७२ च्या आसपास जे सत्तेत होते आणि रस्त्यावरच्या ताकदीला खतपाणी घालत होते त्यांनी. आणि खवखवलं कुणाला? नाना फडणविसांबद्दल आदर असणाऱ्यांना आणि पुण्यातल्या ब्राह्मण समाजातल्या पुष्कळांना. नाटक ब्राह्मणद्वेष्टं आहे, एका थोर मुत्सद्द्याची बदनामी करतं, असा गदारोळ झाला. ज्या संस्थेनं नाटक बसवलं त्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवलं. तरुण मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये नाटक युरोपला निघालं तेव्हा विरोधाचा भडका पुन्हा उडाला. तरी ते गेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं चाललं.

जे चिडले त्यांची मी टर उडवणार नाही. त्यांचं म्हणणं इतिहास म्हणून चूक नव्हतं. नानांनी एका डगमगत्या राज्याचा गाडा पंचवीसेक वर्षं ओढला, आणि मुलीचा तो सौदा नाटककाराच्या कल्पनेतला आहे. आणखी एक गोष्ट आहे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली होती. नाटक आलं तेव्हा त्याला चोवीसच वर्षं झाली होती. ज्यांनी आपलं घर जळताना पाहिलं त्यांना रंगमंचावर नाचणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेकडे बघून हसू कसं येणार? अल्पसंख्य असण्याची भीती काय असते हे मला निराळं सांगावं लागत नाही.

पण या सगळ्यात खरा खाणारा कुठे गेला? कुणी सत्ताधारी पुढे येऊन 'हे नाटक माझ्यावर आहे' असं म्हणाला नाही. कशाला म्हणेल? त्याच्या वतीनं रागवायला एक अख्खा समाज उभा होता. भांडण नाटकवाले आणि दुखावलेला समाज यांच्यात लागलं. जमाव रागावतो, बळी मागतो, आणि सही करणारा गॅलरीत उभा राहून बघतो. नाटकात जे दाखवलं तेच नाटकाच्या वाट्याला आलं.

याच डॉक्टरांनी १९७९ मध्ये 'सिंहासन' केला. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा तो सिनेमा. मुख्यमंत्री, मंत्री, कारस्थानं, सगळं उघड उघड. त्यात दोनशे वर्षांपूर्वीचा पोशाख नव्हता, कुठल्या समाजाचा पूर्वज नव्हता. त्याच्या चित्रीकरणाला मंत्रालयाची दारं उघडली गेली. तेव्हा मुख्यमंत्री होते शरद पवार. सत्तेवर थेट बोट ठेवणारा सिनेमा मंत्रालयात चित्रित होतो, आणि पेशवाईच्या पोशाखातलं नाटक बंद पाडलं जातं. दिग्दर्शक एकच. मला तरी यातून एवढंच कळतं की खुर्चीवर हसलेलं खुर्चीला पुष्कळदा चालतं. भडका उडतो तो खुर्ची एखाद्या समाजाच्या मागे दडते तेव्हा, किंवा तिचे भक्त तिच्या पुढे उभे राहतात तेव्हा.

अलीकडची उदाहरणं तुम्हाला ठाऊकच आहेत. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. टीका झाल्यावर तो आरोप मागे पडला, आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की हिंसेची चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका राजद्रोह होत नाही. त्या वेळी अपमान कुणाचा झाला असं म्हटलं गेलं? कुणा मंत्र्याचा नव्हे, राष्ट्रीय प्रतीकांचा. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सत्तांतरावर गाणी केली म्हणून दोन तरुण रॅप गायकांवर गुन्हे दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर विडंबनगीत केलं. शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या त्या स्टुडिओची मोडतोड केली. कामरांवर गुन्हा दाखल झाला, मोडतोड करणाऱ्यांवरही झाला. ज्या जागेत हशा झाला त्या जागेला काही काळ टाळं लागलं. पक्ष कुठलाही घ्या, काळ कुठलाही घ्या, रीत एकच दिसते. नेत्याच्या आधी कार्यकर्त्याचा घसा खवखवतो.

इथवर मी इतरांबद्दल बोललो. आता स्वतःबद्दल बोलल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरूर तालुक्यातल्या एका गावात गणेशोत्सवात कविसंमेलन होतं. मी एक वात्रटिका वाचली. एका पुढाऱ्यानं एकाच पाण्याच्या टाकीचं तीनदा उद्घाटन केलं, टाकी दर वेळी नव्यानं रंगवली, आणि पाणी काही आलं नाही, अशी ती कविता. पुढारी पहिल्या रांगेत बसलेले. मांडवात सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले, जाताना पाठीवर थाप मारून गेले. ते गेल्यावर त्यांचा एक कार्यकर्ता जवळ आला. भला माणूस. म्हणाला, "भाई, कविता झकास होती. पर आमच्याच माणसावर कशापायी? तुमच्यात काय पुढारी कमी हायेत का?"

त्यातला 'तुमच्यात' हा शब्द मी घरी घेऊन आलो. रात्रभर झोप लागली नाही. टाकी गावाची होती, पाणी सगळ्यांचं होतं, पण माझं नाव ऐकून त्याला कविता वेगळीच ऐकू आली होती.

पण त्याचं म्हणणं मला पटलंही. आमच्यात पुढारी कमी नव्हते. मी एक कविता लिहिली. निवडणूक आली की जो आमची मतं आमच्याआधीच मोजून, गठ्ठा बांधून देऊन येतो, त्याच्यावर. ती मी घरच्या ओट्यावर चार जवळच्या माणसांना वाचून दाखवली. कुणी हसलं नाही. त्यातले एक बुजुर्ग चाचा हळूच म्हणाले, "बेटा, बात सही है. मगर घर की बात बाहर क्यूँ? दिन कैसे हैं, देख रहे हो ना?"

संग्रहाची प्रुफं आली तेव्हा मी ती कविता काढून टाकली. पान कोरं राहू नये म्हणून तिथे पावसावरची एक कविता घातली. ती कुणाला फारशी आवडली नाही, पण कुणाला खवखवलीही नाही.

पुढे 'घाशीराम'चा इतिहास वाचताना मी नेहमी नाटकवाल्यांच्या बाजूचा असायचो. प्रयोग थांबवणाऱ्यांचा राग यायचा. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या घरातला प्रयोग मीच थांबवला होता, आणि तोही एकाही प्रयोगाआधी. तो कार्यकर्ता आणि ते चाचा यांची भाषा निराळी, माणसं निराळी, पण दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली होती. आमच्या माणसावर नको. दोघांचंही मन साफ होतं. त्या दोघांच्या साफ मनाच्या आडोशाला टाकीवाला आणि गठ्ठेवाला, दोघंही निवांत जेवत होते.

चाचांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. घरातली गोष्ट बाहेर गेली की बाहेरचे तिचं कोलीत करतात, हे मीही पाहिलं आहे. पण घरातल्या खाणाऱ्याला हे कोलीतच संरक्षण देतं, हेही मी पाहिलं. पुण्यातल्या ज्या माणसांना १९७२ मध्ये वाईट वाटलं त्यांची भीती आणि चाचांची भीती सख्ख्या बहिणी आहेत. भीती खरी असते. प्रश्न एवढाच की तिचा फायदा कोण उचलतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी एखादं गाणं, चित्र, नाटक पाहून घसा खवखवायला लागला तर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, अळू मी खाल्लं होतं का? खाल्लं असेल तर चिडण्याचा हक्क तुमचा आहे. पण खाल्लं नसेल, तर ज्यानं खाल्लं त्याला खोकू द्या. तुम्ही त्याच्यासाठी खोकू नका.

ती गठ्ठ्याची कविता माझ्या जुन्या वहीत अजून आहे. चाचा आता नाहीत. असते तर आधी त्यांनाच वाचून दाखवली असती. नव्या संग्रहाची जुळवाजुळव चालली आहे. त्यात ती येईल. पावसाची कविता तिला जागा करून देईल, पाऊस काही त्यासाठी रागावणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)